वॉरंट नसलेली झडती : कायदा कुठे ठाम आहे आणि कुठे हात आखडता घेतो

घराच्या झडतीविषयी आपल्याकडे दोन समज पक्के रुजले आहेत. पहिला चित्रपटांनी दिलेला : वॉरंट नसेल तर पोलिसांना दारातूनच परत पाठवता येते. दुसरा अनुभवाने दिलेला, त्यातही ज्यांची घरे पत्र्याची, कुडाची किंवा ताडपत्रीची आहेत त्यांच्या अनुभवाने : पोलीस केव्हाही येतात, सामान उचकतात आणि त्यांना जाब विचारणारे कोणी नसते. कायद्याच्या हिशेबाने दोन्ही समज चुकीचे आहेत. वॉरंट नसताना घराची झडती घेण्याचा अधिकार पोलिसांना आहे, आणि तो बराच रुंद आहे. पण त्याला अटीही आहेत. झडती का आणि कशासाठी, हे आधी कागदावर लिहिलेले असले पाहिजे, ही त्यांतली सर्वांत मोलाची अट. ती मोडली तर पुढे काय, या प्रश्नाला मात्र आपल्या संसदेने आणि न्यायालयांनी स्वातंत्र्यानंतरच्या सर्व वर्षांत समाधानकारक उत्तर दिलेले नाही. नव्या फौजदारी कायद्यांनंतरही परिस्थिती तीच आहे, म्हणून हा सगळा प्रश्न एकदा नीट मांडून पाहणे गरजेचे वाटते.

घरात येण्याच्या तीन वाटा

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरी सुरक्षा संहिता, २०२३ या कायद्याने घेतली. झडतीपुरते बोलायचे तर कलमांचे क्रमांक बदलले, गाभा जुनाच राहिला. न्यायालयाकडून झडतीचे वॉरंट घेण्याची तरतूद आता कलम ९६ मध्ये आहे; पूर्वी ती ९३ मध्ये होती. वॉरंट हाती नसताना पोलीस मुख्यतः तीन वाटांनी घरात येऊ शकतात.

पहिली वाट माणसासाठी. ज्याला अटक करायची तो अमुक घरात शिरला आहे किंवा लपला आहे असे मानायला कारण असेल, तर कलम ४४ खाली पोलीस त्या घरात प्रवेश मागू शकतात. आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगूनही दार उघडले नाही, तर ते दार तोडूही शकतात. रीतीनुसार परपुरुषासमोर न येणारी स्त्री त्या खोलीत असेल, तर तिला तसे सांगून बाहेर पडायला वाव द्यावा लागतो.

दुसरी वाट वस्तूसाठी, आणि रोजच्या व्यवहारात हीच सर्वांत जास्त वापरली जाते. ती कलम १८५ ची, म्हणजे जुन्या १६५ ची. वकिलांच्या आणि पोलिसांच्या तोंडी अजूनही 'एकशे पासष्टची झडती' असेच येते, कारण ब्रिटिशांच्या १८९८ च्या संहितेपासून हा क्रमांक चालत आला होता.

तिसरी वाट विशेष कायद्यांची : अमली पदार्थ, प्राप्तिकर, मनी लॉन्डरिंग, बेकायदा कारवाया. यांतला प्रत्येक कायदा आपापले नियम घेऊन येतो.

कलम १८५ नक्की काय मागते

हे कलम नागरिकाने एकदा शांतपणे वाचावे असे आहे. झडती कोण घेऊ शकतो? पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा त्या गुन्ह्याचा तपासी अधिकारी. कधी? ज्या गुन्ह्याचा तपास करण्याचा त्याला अधिकार आहे, त्या तपासासाठी लागणारी वस्तू आपल्या ठाण्याच्या हद्दीत अमुक ठिकाणी सापडेल, आणि दुसऱ्या मार्गाने ती अनाठायी विलंबाशिवाय मिळणार नाही, असे मानायला वाजवी कारण असेल तेव्हा. म्हणजे 'जरा आत काय आहे ते बघू' ही झडती या कलमात बसत नाही. तपास सुरू असलेला गुन्हा हवा, त्या गुन्ह्याशी जोडलेली वस्तू हवी आणि घाई का, याचे उत्तर हवे.

यानंतर येते ती लेखी अट. आपल्याला असे का वाटते याची कारणे अधिकाऱ्याने लिहून ठेवायची आणि शक्य तितक्या नेमकेपणाने कोणती वस्तू शोधायची आहे तेही नमूद करायचे. नव्या संहितेने ही नोंद केस डायरीत करायला सांगितले आहे. या नोंदीची प्रत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे तातडीने पाठवायची. पूर्वी 'तातडीने' एवढाच शब्द होता. आता ४८ तासांची कमाल मर्यादा घातली आहे. ज्याच्या घराची झडती झाली त्याने अर्ज केला, तर दंडाधिकाऱ्याकडून त्याला ती प्रत विनामूल्य मिळते. हा अधिकार फार थोड्यांना ठाऊक आहे आणि त्याहून थोडे लोक तो वापरतात.

झडती कशी घ्यायची हे कलम १०३ सांगते. त्या परिसरातले किमान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित पंच आधी बोलवायचे, त्यांच्या समोर झडती घ्यायची, सापडलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करून त्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या. घरमालकाला किंवा त्याच्या वतीने कोणाला तरी झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचे आणि यादीची प्रत त्याच्या हाती द्यायची. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, शालीनतेची पूर्ण काळजी घेऊन करायची.

व्यवहारात या साखळीची सर्वांत कच्ची कडी पंच हीच आहे. शेजारी पंच व्हायला तयार नसतात. पुढे वर्षानुवर्षे कोर्टात तारखांना जावे लागेल, आरोपीच्या माणसांचा रोष पत्करावा लागेल, ही त्यांची भीती खोटी नाही. मग ठाण्याच्या ओळखीतले, एकाच ठाण्याच्या अनेक खटल्यांत दिसणारे पंच उभे राहतात, आणि उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील नेमके तिथे बोट ठेवतो. त्यात नुकसान दोन्हीकडून होते : निरपराध माणसाला खोट्या जप्तीपासून संरक्षण मिळत नाही, आणि खऱ्या गुन्हेगाराविरुद्धचा खटला ढिला पडतो.

नव्या संहितेने यावर एक उपाय दिला आहे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीची सगळी प्रक्रिया, यादी करणे आणि पंचांच्या सह्या यांसह, दृकश्राव्य साधनाने, शक्यतो मोबाइल फोनवर, चित्रित करणे बंधनकारक आहे. ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे आहे. कलम १८५ च्या झडतीलाही ही सक्ती लागू आहे. यासाठी 'ई-साक्ष्य' हे ॲप पोलिसांच्या हाती दिले गेले. वॉरंट नसलेल्या झडतीच्या बाबतीत गेल्या अनेक दशकांतली ही सर्वांत चांगली सुधारणा आहे. पण चित्रण सुरू कधी करायचे, दार वाजवण्याआधी की 'मुद्देमाल' सापडल्यानंतर, यावरच तिची किंमत ठरणार. चित्रणच नसेल तर जप्तीचे काय होईल, हे संहितेने सांगितलेले नाही.

संविधानात जे येता येता राहिले

झडतीविरुद्धचे संरक्षण मूलभूत हक्कांच्या प्रकरणात स्वतंत्रपणे का नाही, याची कहाणी महाराष्ट्राच्या दृष्टीने जवळची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा मसुदा तयार केला, त्यात अवाजवी झडती आणि जप्तीपासून माणूस, त्याचे घर आणि कागदपत्रे सुरक्षित राहतील असे कलम घातले होते. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेले सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत याच आशयाची दुरुस्ती मांडली. आंबेडकर ती स्वीकारायला तयार होते. ही तरतूद फौजदारी संहितेत आधीच आहे, पण कायदेमंडळाला सहज हात लावता येणार नाही अशा जागी ती ठेवणे इष्ट आहे, अशी त्यांची भूमिका होती. सभागृहात मतभेद झाले, निर्णय पुढे ढकलला गेला आणि शेवटी दुरुस्ती नामंजूर झाली.

याचा परिणाम लवकरच दिसला. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी म्हटले की, अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीसारखे संरक्षण आपल्या संविधानकर्त्यांनी दिलेले नाही, आणि ते अर्थ लावून मागच्या दाराने आणता येणार नाही. आंबेडकरांना ज्याची काळजी होती तेच झाले : झडतीपासूनचे संरक्षण साध्या कायद्याच्या कृपेवर राहिले.

१९६२ च्या खडक सिंग निकालाने एक खिडकी उघडली. उत्तर प्रदेशातल्या या माणसाला १९४१ मध्ये दरोड्याच्या संशयावरून पकडले होते. पुरावा नसल्याने तो सुटला. तरीही पोलिसांनी त्याच्या नावाची हिस्ट्रीशीट उघडली आणि रात्री-अपरात्री त्याच्या घरी जाऊन तो आहे की नाही हे पाहायला सुरुवात केली. रात्रीच्या या घरभेटींना परवानगी देणारा पोलीस नियम न्यायालयाने रद्द केला. मात्र बहुमताने खासगीपणाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी अल्पमताच्या निकालपत्रात तो मान्य केला. त्यांचे म्हणणे मुख्य प्रवाहात यायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि शर्मा व खडक सिंग निकालांतला त्याविरुद्धचा भाग रद्द केला. आता घरात शिरणाऱ्या प्रत्येक कारवाईला कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणशीरपणा या कसोट्या लागतात.

मुंबई उच्च न्यायालयाने या निकालाच्या वर्षभर आधीच एक पाऊल टाकले होते. महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यातल्या २०१५ च्या बदलांवरील खटल्यात, ६ मे २०१६ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती एस. सी. गुप्ते यांनी राज्यातली गोवंश हत्याबंदी कायम ठेवली. पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम ५-ड त्यांनी रद्द केले, आणि त्यासाठी खासगीपणाचा आधार घेतला. स्वयंपाकघरातल्या भांड्यापर्यंत राज्यसंस्थेचा हात किती पोहोचावा, या प्रश्नाला मराठी मुलखातल्या न्यायालयाने दिलेले हे उत्तर पुरेसे चर्चिले गेलेले नाही.

नियम मोडला तर काय?

हा या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. समजा, अधिकाऱ्याने कारणे लिहिलीच नाहीत. ती झडती बेकायदा ठरते का? होय. राजस्थान सरकार विरुद्ध रहमान या १९६० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कारणे न नोंदवता घेतलेली झडती बेकायदा ठरवली आणि तिला अडथळा आणणाऱ्याची सुटका कायम ठेवली. पण अशा झडतीत सापडलेल्या वस्तूचे काय? १९६३ च्या राधाकिशन निकालापासून उत्तर ठरलेले आहे : झडती बेकायदा असली तरी जप्ती त्यामुळे रद्द होत नाही, न्यायालयाने पुरावा अधिक काळजीने तपासावा, इतकेच. १९७४ च्या पूरणमल निकालात घटनापीठाने प्राप्तिकराच्या संदर्भात हेच तत्त्व पक्के केले. मुंबईतल्या तस्करीच्या सोन्याबद्दलच्या १९८० च्या निकालातही तेच सांगितले गेले.

अमेरिकेने उलट वाट धरली. क्लीव्हलँडमधल्या एका घराच्या वॉरंटशिवाय झालेल्या झडतीवरून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये 'मॅप' निकाल दिला आणि अशा झडतीतला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही चालणार नाही असे ठरवले. त्या नियमावर गंभीर आक्षेप आहेत : हवालदाराच्या चुकीने खुनी सुटावा का? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आपल्या विधी आयोगाने १९८३ च्या ९४ व्या अहवालात मधला मार्ग सुचवला. पुरावा कायद्यात नवे कलम घालावे आणि गुन्ह्याचे गांभीर्य, पोलिसांनी नियम जाणूनबुजून मोडला का, तातडी होती का, हे सगळे पाहून बेकायदा मिळवलेला पुरावा नाकारण्याचा अधिकार न्यायालयाला द्यावा. ही शिफारस स्वीकारली गेली नाही. २०२३ मध्ये संपूर्ण पुरावा कायदा नव्याने लिहिला गेला तेव्हा संधी पुन्हा आली होती. भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कलम नाही.

ज्या कायद्याला आपण सर्वांत कडक मानतो, त्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात मात्र नियम मोडल्याचा परिणाम खटल्यावर थेट होतो. तिथे कलम ४२ नुसार खबर लेखी नोंदवावी लागते आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे जावी लागते. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय घरात शिरायचे तर वॉरंट मिळवण्याइतका वेळ का नव्हता, याची कारणे लिहावी लागतात. २००९ च्या कर्नेल सिंग निकालात घटनापीठाने म्हटले की, विलंबाचे समाधानकारक स्पष्टीकरण चालेल, पण या कलमाचे पालन मुळीच न करणे चालणार नाही. १९९९ च्या बलदेव सिंग निकालाने अंगझडतीबाबत असाच कडकपणा आणला. शिक्षा जबर आहे म्हणून पद्धतही काटेकोर हवी, हा यामागचा विचार. या निकालांनंतर अमली पदार्थांचे खटले बंद पडले नाहीत. अधिकाऱ्यांना नोंदी ठेवायची सवय लागली. सर्वसाधारण संहितेत रात्रीच्या झडतीवर वेळेची कुठलीही मर्यादा नाही, आणि नोंद न ठेवल्याचा खटल्यावर ठोस परिणाम नाही. चोरीच्या संशयावरून मध्यरात्री ज्याचे घर उलटेपालटे केले जाते, त्याला तेवढेही संरक्षण का नसावे?

आर्थिक गुन्ह्यांच्या कायद्यांत उलट दिशेचा प्रवास दिसतो. प्राप्तिकराच्या झडतीमागची कारणे कोणालाही, अगदी अपील न्यायाधिकरणालाही, उघड करायची गरज नाही, अशी दुरुस्ती २०१७ च्या वित्त कायद्याने केली. मनी लॉन्डरिंग कायद्याच्या कलम १७ खालचे झडतीचे अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २७ जुलै २०२२ रोजी विजय मदनलाल चौधरी निकालात वैध ठरवले. या कायद्यांत कारण लिहिले जाते, पण न्यायदंडाधिकारी ते आधी पाहत नाही आणि ज्याच्या घरात झडती होते त्याला ते मिळत नाही.

दार कोणाचे, यावर बरेच अवलंबून

कायदा सर्वांना एक असला तरी झडतीचा भार सारखा वाटला जात नाही. महाराष्ट्रात पारधी, कैकाडी, टकारी अशा समाजांच्या वस्त्यांनी तो पिढ्यान् पिढ्या वाहिला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा समाजांना जन्मावरून गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणात ठेवली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आणि ठाण्यातल्या जुन्या नोंदी राहिल्या, आणि आसपास चोरी झाली की पहिली गाडी पालांकडे वळण्याची सवयही राहिली. एका माणसाबद्दलच्या संशयावरून सगळी वस्ती उचकली जाते, तेव्हा कलम १८५ ची 'अमुक वस्तू, अमुक ठिकाणी' ही भाषा पायदळी तुडवली जाते. शहरांतल्या कोंबिंग ऑपरेशनलाही हीच कसोटी लावली पाहिजे. रस्त्यावर नाकाबंदी करणे वेगळे आणि झोपडपट्टीतले प्रत्येक घर कारण न लिहिता उघडायला लावणे वेगळे.

न्यायालये हे ओळखू लागली आहेत. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका प्रकरणात हिस्ट्रीशीटविषयी बोलताना सांगितले की, केवळ मागास किंवा भटक्या-विमुक्त समाजातला आहे म्हणून कोणाची नोंद यांत्रिकपणे होता कामा नये, आणि सर्व राज्यांनी यात लक्ष घालावे. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम १४७ मध्ये कायदेशीर अधिकार किंवा वाजवी कारण नसताना झडती घेणाऱ्या पोलिसाला शिक्षा सांगितली आहे, आणि त्या कलमात इमारतीबरोबर तंबूचाही उल्लेख आहे. पालात राहणाऱ्यालाही कायद्याने घर दिले आहे. शिक्षा मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड.

आता दाराच्या आत आणखी एक घर असते : फोन. कपाटात जेवढे सापडत नाही तेवढे त्यात असते. नव्या संहितेच्या कलम ९४ ने दळणवळणाची साधने हजर करायला लावण्याचा अधिकार स्पष्टपणे दिला. पण पासवर्ड मागणे, सगळ्या संदेशांची प्रत काढणे, फोन महिनोन्‌महिने ठेवून घेणे यांवर पुरेसे नियम नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये पत्रकारांच्या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला याबाबत मार्गदर्शक तत्त्वे आखायला सांगितले होते.

दारावर थाप पडली तर

कायद्याच्या चौकटीत नागरिक बरेच करू शकतो. अधिकाऱ्याचे नाव, ठाणे आणि गुन्हा नोंदणी क्रमांक विचारावा. वॉरंट आहे का, नसेल तर कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या वस्तूसाठी झडती आहे, हे विचारावे. पंच कुठले आहेत आणि चित्रण सुरू आहे का, हे पाहावे. स्त्रीची अंगझडती असेल तर महिला पोलिसाचा आग्रह धरावा. झडतीभर हजर राहावे. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये, आक्षेप असेल तर लेखी नोंदवावा आणि यादीची प्रत मागून घ्यावी. नंतर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून कारणांच्या नोंदीची प्रत मिळवावी. ती वेळेत पोहोचली नसेल तर तेच पुढच्या लढाईचे हत्यार ठरते.

अंगावर जाऊन अडवणे मात्र टाळावे. रहमान निकाल असला तरी सद्‌भावनेने कर्तव्य करणाऱ्या लोकसेवकाविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने मर्यादित केला आहे, आणि दारातल्या झटापटीत कायद्याचा काथ्याकूट कोणी ऐकत नाही. दाद मागायला वरिष्ठ अधिकारी, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, मानवी हक्क आयोग आणि उच्च न्यायालय आहे. तपासाच्या पद्धतीविषयीचा कायद्याचा आदेश जाणूनबुजून मोडणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने, कमाल दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते.

काय बदलायला हवे

पोलिसांची बाजूही समजून घेतली पाहिजे. चोरीचे दागिने तासाभरात वितळतात, कागद जळतात, आणि रात्री दोन वाजता दंडाधिकारी गाठणे तालुक्याच्या ठाण्याला सोपे नसते. वॉरंटशिवाय झडतीचा अधिकार म्हणूनच लागतो आणि तो काढून घ्यावा असे मी म्हणत नाही. पण ज्याला घाई आहे त्यालाही चार ओळी लिहिता येतात. ज्याच्याकडे खरे कारण आहे त्याला ते लिहायची भीती नसते. ज्याच्याकडे नसते त्याचीच अडचण होते, आणि ती व्हावी म्हणूनच ही अट आहे.

त्यासाठी तीन गोष्टी व्हायला हव्यात. रात्रीच्या झडतीसाठी सर्वसाधारण संहितेतही वेगळी लेखी कारणे सक्तीची करावीत. चित्रण दारापासून सुरू झाले पाहिजे आणि ते नसेल तर त्याचा खुलासा न्यायालयाने मागितलाच पाहिजे, असा नियम करावा. आणि विधी आयोगाने १९८३ मध्ये सुचवलेले कलम साक्ष्य अधिनियमात घालावे, म्हणजे नियम जाणूनबुजून मोडून मिळवलेला पुरावा नाकारण्याचा पर्याय न्यायाधीशाच्या हाती राहील. यातल्या एकाही बदलाने प्रामाणिक तपासी अधिकाऱ्याचे काम अडणार नाही. ज्या दुरुस्तीला आंबेडकरांनी १९४८ मध्ये पाठिंबा दिला होता, तिचे अर्धे काम पुट्टस्वामी निकालाने केले. उरलेले अर्धे संसदेचे आहे, आणि ते तिने करावे यासाठी आग्रह धरणे आपले.